विज्ञानशिक्षणातील संवाद आणि कृती

विज्ञानशिक्षणातील संवाद आणि कृती म्हणजे विद्यार्थ्यांनी वस्तू स्वतः हाताळून, निरीक्षण व प्रयोग करून आणि जे दिसले त्याविषयी वर्गात आपापसांत व शिक्षकांशी बोलून विज्ञानातील संकल्पना आत्मसात करण्याची पद्धती होय. मराठीत तिला ‘कृतियुक्त अध्ययन’, ‘ज्ञानरचनावादी अध्यापन’ किंवा साध्या भाषेत ‘करून शिकणे’ असे म्हटले जाते. या नावांत हाताच्या कामाचा निर्देश स्पष्ट आहे, बोलण्याचा मात्र नाही. व्यवहारातही तेच घडते : प्रयोगाचे साहित्य शाळेत येते, प्रयोग होतो आणि त्याचा निष्कर्ष शिक्षक फळ्यावर लिहून देतात. प्रयोग आणि निष्कर्ष यांच्या मधली जी जागा मुलांच्या बोलण्याने भरायची, ती रिकामी राहते. शिक्षणशास्त्रातील गेल्या काही दशकांचे संशोधन प्रामुख्याने या रिकाम्या जागेविषयी आहे. सातारा, सांगली या जिल्ह्यांतील शाळांच्या संदर्भात हा प्रश्न मुलांच्या बोलीशीही जोडलेला आहे.

विचाराची पूर्वपीठिका

विज्ञान करून शिकावे हा विचार नवा नाही. अमेरिकन तत्त्वज्ञ जॉन ड्यूई (१८५९–१९५२) यांनी अनुभव हा शिक्षणाचा पाया मानला. महात्मा गांधींनी १९३७ मध्ये वर्धा येथील शिक्षण परिषदेत मांडलेल्या ‘नई तालीम’मध्ये हस्तोद्योग हे शिक्षणाचे माध्यम होते. त्याआधी कर्मवीर भाऊराव पाटील यांनी ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कराडजवळील काले या गावी रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली. १९२४ मध्ये संस्थेचे कार्य साताऱ्यास हलले. रयतेच्या वसतिगृहांत शेतीचे व बांधकामाचे काम मुले स्वतः करीत. त्यामागील मुख्य हेतू स्वावलंबनाचा होता, विज्ञानाचा नव्हे. तरीही श्रम आणि शिक्षण यांची जी फारकत रूढ होती, ती या भागात लवकर मोडली गेली, ही बाब नोंदवण्यासारखी आहे.

बोलण्याचे महत्त्व सिद्धान्ताच्या पातळीवर मांडले ते रशियन मानसशास्त्रज्ञ लेव्ह व्यगोत्स्की (१८९६–१९३४) यांनी. भाषा ही तयार विचारांचा केवळ पोशाख नसून विचार तिच्यातूनच आकार घेतो आणि मूल जे आधी इतरांशी बोलते ते पुढे स्वतःशी बोलू लागते, असे त्यांचे प्रतिपादन होते. ब्रिटिश शिक्षणतज्ज्ञ डग्लस बार्न्स यांनी १९७०च्या दशकात वर्गातील बोलण्याचे दोन प्रकार वेगळे केले. एक, चाचपडत, अडखळत, वाक्य अर्धवट सोडत केलेले शोधक बोलणे. दुसरे, तयार उत्तर नीटनेटके सादर करणारे बोलणे. आपल्याकडील वर्गांत दुसऱ्या प्रकारालाच शाबासकी मिळते. अडखळणारे मूल ‘अभ्यास करून आले नाही’ असे ठरते. वास्तविक ते त्याच क्षणी अभ्यास करीत असते.

अमेरिकेतील संशोधिका मेरी बड रो यांनी विज्ञानाच्या तासांच्या ध्वनिमुद्रणांवरून एक साधी गोष्ट दाखवून दिली. प्रश्न विचारल्यानंतर शिक्षक उत्तरासाठी सरासरी सुमारे १ सेकंदच थांबतात. हा अवधी ३ सेकंदांपर्यंत वाढवला, तर मुलांची उत्तरे लांबतात, कारणे दिली जातात आणि एरवी गप्प बसणारी मुलेही बोलू लागतात. या सुधारणेस साहित्य, निधी वा परिपत्रक यांपैकी काहीच लागत नाही. तरीही ती सर्वांत अवघड ठरते, कारण वर्गातील शांतता शिक्षकाला सहन होत नाही. पुढे जे लेम्की यांनी १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात विज्ञान शिकणे म्हणजे विज्ञानाच्या भाषेत बोलायला शिकणे होय, अशी मांडणी केली. शिक्षकाचा प्रश्न, विद्यार्थ्याचे एका शब्दाचे उत्तर आणि शिक्षकाचे ‘बरोबर’ किंवा ‘चूक’ या तीन पायऱ्यांच्या चक्रात विद्यार्थ्याला ते बोलणे कधीच साधत नाही, असेही त्यांनी दाखवले.

मुलांच्या स्वतःच्या कल्पना

मूल वर्गात कोरी पाटी घेऊन येत नाही. ब्रिटनमधील रोझालिंड ड्रायव्हर यांनी १९८०च्या दशकात केलेल्या कामामुळे हे मत विज्ञानशिक्षणात दृढ झाले. निसर्गातील घटनांविषयी मुलांची स्वतःची स्पष्टीकरणे असतात, ती बहुधा अनुभवावर आधारलेली असतात आणि शिकवल्यानंतरही ती सहजासहजी जात नाहीत. परीक्षेत पुस्तकी उत्तर लिहिणारे मूल घरी जुन्याच कल्पनेने विचार करते.

याचे परिचित उदाहरण म्हणजे थंड पाण्याने भरलेला स्टीलचा तांब्या. थोड्या वेळाने त्याच्या बाहेरच्या अंगावर थेंब जमतात आणि ‘तांब्याला घाम आला’ असे मुले म्हणतात. पाणी कोठून आले, असे विचारल्यास बरीच मुले ‘आतनं झिरपलं’ असे उत्तर देतात. हे उत्तर चुकीचे असले तरी अविचारी नाही. घरातला मातीचा माठ खरोखरच झिरपतो, आणि मुलाने माठाचा नियम तांब्याला लावलेला असतो. येथे ‘चूक, हे संघनन आहे’ असे सांगून पुढे गेल्यास मुलाला एक शब्द मिळतो आणि झिरपण्याची कल्पना जागच्या जागी राहते.

संवादाच्या मार्गाने जाणारा शिक्षक हे मत तपासायचे कसे, एवढेच विचारतो. पाण्यात कुंकू कालवावे, असे एखादे मूल सुचवते. बाहेरचे थेंब बिनरंगी निघतात. तेवढ्यावर प्रश्न मिटत नाही. कारण ‘रंग आतच गाळला गेला असंल’ असा आक्षेप दुसरे मूल घेते, आणि तो रास्त असतो. मग कोणी म्हणते, गार नसलेले पाणी त्याच तांब्यात ओतून पाहू. झिरपणारे भांडे तेव्हाही झिरपले पाहिजे. ते झिरपत नाही. आणखी एक तपासणी म्हणजे बर्फाच्या पाण्याने भरलेली, झाकण घट्ट लावलेली कोरडी बाटली तागडीच्या एका पारड्यात ठेवून दुसऱ्या पारड्यात वजने घालून समतोल साधणे. दमट दिवशी दहा-पंधरा मिनिटांत बाटलीचे पारडे खाली झुकू लागते. पाणी आतून बाहेर आले असते तर एकूण वजन वाढण्याचे कारण नव्हते. म्हणजे ते बाहेरून आले. पण बाहेर तर नुसती हवा! येथे वर्ग अडतो, आणि वाळत घातलेल्या कपड्यांतील पाणी कोठे जाते याची आठवण बहुधा एखादी मुलगीच करून देते. ‘संघनन’ हा शब्द शिक्षकाने उच्चारावा तो यानंतर. तेव्हा तो एका गरजेला मिळालेले नाव असतो.

या प्रयोगाला सातारा जिल्ह्याचा भूगोल अनुकूल आहे. पश्चिमेस महाबळेश्वर व पाटण हा भरपूर पावसाचा भाग, पूर्वेस माण व खटाव हे अवर्षणप्रवण तालुके. कोरड्या हवेच्या दिवशी दहिवडीच्या शाळेत तांब्याला घाम फारसा येत नाही. श्रावणात पाटणच्या शाळेत तो लगेच येतो. दोन शाळांनी आपापल्या नोंदींची देवाणघेवाण केल्यास हवेतील बाष्पाचे प्रमाण हा विषय पुस्तकाबाहेर येऊन उभा राहतो.

ऊसपट्ट्यातील मुलांचे दुसरे उदाहरण वनस्पतींच्या अन्नाचे आहे. खत हे पिकाचे ‘अन्न’ आहे, असे शेतकरी कुटुंबात सर्रास बोलले जाते. मग उसातली साखर कोठून आली, या प्रश्नाला ‘खतातनं’ किंवा ‘जमिनीतनं’ असे उत्तर येणे स्वाभाविक ठरते. फ्लेमिश संशोधक यान बाप्टिस्ट व्हॅन हेल्माँट यांचाही गोंधळ असाच काहीसा झाला होता. त्यांनी कुंडीतील विलोचे झाड ५ वर्षे केवळ पाणी घालून वाढवले. झाडाचे वजन सुमारे ७४ किलोने वाढले, माती मात्र ६० ग्रॅमपेक्षाही कमी घटली. झाडाचे द्रव्य मातीतून येत नाही हे त्यांनी बरोबर ओळखले, परंतु ते सर्व पाण्यातून येते असा चुकीचा निष्कर्ष काढला. हवेचा वाटा त्यांच्या ध्यानी आला नाही. हे वर्णन त्यांच्या मृत्यूनंतर १६४८ मध्ये प्रसिद्ध झाले. प्रयोग निर्दोष असूनही निष्कर्ष चुकू शकतो, हे वर्गात सांगण्यास याहून चांगले उदाहरण सापडणे कठीण आहे.

बोली, प्रमाणभाषा आणि परिभाषा

वर्गात बोलण्यासाठी मुलाला भाषा हवी, आणि ती त्याची स्वतःची हवी. सातारा-सांगलीच्या ग्रामीण भागातील मूल ‘पाणी आटलं’, ‘जोर लावला’, ‘ताकद लागती’ असे बोलते. पाठ्यपुस्तकात ‘बाष्पीभवन’, ‘बल’, ‘ऊर्जा’ असे शब्द असतात. रोजच्या बोलण्यात जोर, ताकद, शक्ती, बल हे शब्द एकमेकांच्या जागी चालतात; भौतिकीत बल, शक्ती व ऊर्जा या तीन भिन्न राशी आहेत. ‘काम’ हा शब्द तर अधिकच फसवा. डोक्यावर पोते घेऊन जागच्या जागी उभा राहिलेला हमाल घामाघूम होतो, तरी भौतिकीच्या व्याख्येनुसार पोत्यावर तो काहीच कार्य करीत नाही. हे ऐकून वर्ग हसतो. त्या हसण्यानंतरची दहा मिनिटे चर्चेला दिली, तर ‘काम’ आणि ‘कार्य’ यांतील भेद कायमचा लक्षात राहतो.

भाषेच्या या अडसराचा पद्धतशीर अभ्यास महाराष्ट्रात झाला आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राची स्थापना मुंबईत १९७४ मध्ये झाली. केंद्राचे पहिले संचालक वि. गो. कुलकर्णी आणि त्यांचे सहकारी वि. गो. गंभीर यांनी वंचित स्तरांतील मुलांच्या विज्ञानातील मागे पडण्याचा भाषेशी काय संबंध आहे, हे तपासले. आशय तोच ठेवून पुस्तकाची भाषा सोपी केली असता मुलांच्या विज्ञानातील संपादणुकीत सुधारणा होते, असे त्यांना आढळले. हा अभ्यास १९८१ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्याला बुद्धीची उणीव समजले जात होते, ती पुष्कळ अंशी पुस्तकाच्या भाषेची उणीव होती, असा त्याचा अर्थ होतो. या निष्कर्षाची दखल शिक्षणक्षेत्राने घ्यावी तितकी घेतलेली नाही.

सातारा जिल्ह्यातील फलटण हे या संदर्भात महत्त्वाचे गाव आहे. भाषाशास्त्रज्ञ मॅक्सीन बर्नसन यांनी पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या पदवीसाठी फलटणच्या मराठीतील भाषिक भेदांचा अभ्यास केला आणि पुढे त्या तेथेच स्थायिक होऊन शिक्षणकार्यात पडल्या. प्रगत शिक्षण संस्था आणि १९८६ मध्ये सुरू झालेली कमला निंबकर बालभवन ही मराठी माध्यमाची शाळा त्यांच्या कार्यातून उभी राहिली. बोलीत बोलणाऱ्या मुलाला आधी दुरुस्त करावे की आधी ऐकून घ्यावे, हा प्रश्न जगभर चर्चिला गेला आहे. विज्ञानाच्या तासापुरते उत्तर सोपे आहे : ‘न्हाई’चे ‘नाही’ करण्यात जो क्षण जातो, त्यात मुलाचे कारण हरवते.

अलीकडच्या काळात मराठी शाळांतून सेमी-इंग्रजी वर्गांचा प्रसार झाला आहे. या वर्गांत गणित व विज्ञान हे विषय इंग्रजीतून शिकवले जातात. पुढील शिक्षणाच्या दृष्टीने पालकांना ते हिताचे वाटते आणि त्यांची चिंता निराधार नाही. मात्र प्रयोगाच्या वेळी मुले मराठीत बोलतात आणि निष्कर्ष फळ्यावरून इंग्रजीत उतरवून घेतात, अशी स्थिती निर्माण होते. जे बोलता येते ते लिहायचे नाही आणि जे लिहायचे ते बोलता येत नाही. काही शिक्षक यातून मार्ग काढतात : चर्चा मराठीत पूर्ण होऊ देतात, मुलांचे मराठी वाक्य फळ्यावर लिहितात आणि मग त्याच वाक्याचे इंग्रजी रूप सर्वांनी मिळून तयार करतात. यास वेळ लागतो.

परिसर हीच प्रयोगशाळा

सांगली ही हळदीची मोठी बाजारपेठ आहे आणि हळद हा उत्तम नैसर्गिक दर्शक आहे. हळदीचा डाग साबण लावताच लाल होतो, हे प्रत्येक घरात ठाऊक असते. हळदीत चुना मिसळल्यास कुंकवासारखा रंग येतो, हेही. शोषकागदावर हळदीचे पाणी वाळवून केलेल्या पट्ट्यांवर चुन्याची निवळी, खाण्याचा सोडा, लिंबाचा रस, ताक व साधे पाणी यांचे थेंब टाकल्यास खरी चर्चा सुरू होते. लिंबाच्या रसाने पट्टी पिवळीच राहते, पाण्यानेही पिवळीच राहते. मग लिंबू आणि पाणी सारखेच का? हळद आम्लारी ओळखते, पण आम्ल व उदासीन यांत भेद करू शकत नाही, हे मुलांना येथे स्वतःच सापडते, आणि दुसऱ्या दर्शकाची मागणी त्यांच्याकडूनच येते. जास्वंदीच्या फुलांचा अर्क तेव्हा उपयोगी पडतो.

गुऱ्हाळ हे कराड परिसरातील रसायनशाळेचेच रूप होय. उसाचा रस किंचित आम्लधर्मी असतो. काहिलीत तो उकळताना चुना घातल्याने आम्लता कमी होते आणि मळी वर येण्यास मदत होते. चुना किती घालायचा, पाक केव्हा उतरवायचा हे गुळव्या वर्षानुवर्षांच्या सरावाने ठरवतो. पाकाचा थेंब पाण्यात टाकून त्याची गोळी कशी होते हे तो पाहतो. वर्गाने गुऱ्हाळास भेट दिली आणि परत येऊन केवळ ‘गूळ कसा तयार होतो’ हा निबंध लिहिला, तर भेट वाया गेली असे समजावे. गुळव्याला विचारायचे प्रश्न आदल्या दिवशी वर्गात ठरले असतील आणि ‘चुना जास्त पडला तर काय होतं?’ हा त्यांपैकी एक असेल, तर ती भेट विज्ञानाची होते.

कराड येथे कृष्णा व कोयना या दोन्ही नद्या समोरासमोर येऊन मिळतात, हाच प्रीतिसंगम. दोन्ही नद्यांचे पाणी वेगवेगळ्या बाटल्यांत भरून गाळ किती वेळात व किती खाली बसतो याची तुलना करणे, पाणी कमी असताना मोठ्या माणसांच्या देखरेखीखाली तरंगत्या लाकडाच्या तुकड्यावरून प्रवाहाचा वेग काढणे, असे अनेक उपक्रम येथे शक्य आहेत.

कोयनेचा भूकंप हा या भागातील घराघरांतला विषय आहे. ११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे सुमारे ६.५ तीव्रतेचा भूकंप झाला. धरणाच्या जलाशयात पाणी साठवण्यास सुरुवात होऊन तेव्हा काही वर्षेच झाली होती. जलाशयामुळे उद्भवणाऱ्या भूकंपांचे हे जगप्रसिद्ध उदाहरण मानले जाते. ‘पाण्याच्या वजनानं जमीन हलली’ असे मुले घरून ऐकून येतात. वजनाबरोबरच खडकांच्या भेगांत मुरलेल्या पाण्याच्या दाबाचाही विचार शास्त्रज्ञ करतात. भूगर्भात खोल छिद्रे घेऊन या भूकंपांचा अभ्यास करणारी पृथ्वी विज्ञान मंत्रालयाची प्रयोगशाळा कराड येथेच आहे आणि कोयना परिसरात सुमारे ३ किलोमीटर खोलीपर्यंत छिद्र घेण्यात आले आहे. ज्या प्रश्नावर आजोबा, विद्यार्थी आणि भूशास्त्रज्ञ तिघेही बोलत आहेत, असा प्रश्न पाठ्यपुस्तकात क्वचितच सापडतो.

संस्था व उपक्रम

मध्य प्रदेशातील होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रम हा देशातील या दिशेचा सर्वांत मोठा प्रयत्न होता. १९७२ मध्ये किशोर भारती आणि फ्रेंड्स रुरल सेंटर, रसूलिया या संस्थांनी १६ माध्यमिक शाळांत तो सुरू केला. १९८२ पासून एकलव्य या संस्थेने त्याची धुरा वाहिली. मुले चार-चारांच्या गटांत प्रयोग करीत, नोंदी फळ्यावर मांडीत आणि सामूहिक चर्चेतून निष्कर्षाला येत. पाठ्यपुस्तकात उत्तरे दिलेली नसत. या कार्यक्रमात १९७८ च्या सुमारास सहभागी झालेले अरविंद गुप्ता पुढे पुण्याच्या आयुका संस्थेतील मुक्तांगण विज्ञान शोधिकेत कार्यरत राहिले. काडेपेटीच्या काड्या व सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे यांपासून केलेल्या त्यांच्या रचना महाराष्ट्रातील असंख्य शाळांत पोहोचल्या.

श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे सुरू केलेल्या विज्ञान आश्रमात शेती, बांधकाम, वीज, पाककृती अशा प्रत्यक्ष कामांतून विज्ञान शिकवले जाते. लीलाताई पाटील यांचे कोल्हापूरचे सृजन आनंद विद्यालय (१९८५) प्रयोगशील शाळा म्हणून प्रसिद्ध आहे. होमी भाभा केंद्राने प्राथमिक वर्गांसाठी काढलेली ‘हलके-फुलके विज्ञान’ ही पुस्तकमाला मराठीतही आली. कराडमधील कल्पना चावला विज्ञान केंद्र शालेय विद्यार्थ्यांसाठी विज्ञानाचे उपक्रम चालवते.

जिल्हा परिषदेच्या शाळांच्या दृष्टीने सातारा तालुक्यातील कुमठे बीट हे नाव विशेष गाजले. विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे यांच्या पुढाकाराने तेथील सुमारे ४० शाळांत ज्ञानरचनावादी पद्धती अवलंबली गेली आणि राज्यभरातील शिक्षक ते पाहण्यासाठी येऊ लागले. २२ जून २०१५ रोजीच्या शासननिर्णयाने ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रम सुरू झाला, तेव्हा या कामाचा बराच बोलबाला होता. पाहून गेलेल्यांपैकी अनेकांनी फरशीवरची रंगीत आखणी उचलली. मुलांना बोलू देण्याची सवय उचलणे त्याहून कठीण होते.

मर्यादा व आक्षेप

या पद्धतीवर गंभीर आक्षेपही आहेत. पॉल किर्शनर, जॉन स्वेलर आणि रिचर्ड क्लार्क यांनी २००६ मध्ये असे प्रतिपादन केले की, नवशिक्या विद्यार्थ्याला पुरेसे मार्गदर्शन न देता सोडल्यास त्याच्या स्मरणशक्तीवर अवाजवी भार पडतो आणि शिकणे कमी होते. हा आक्षेप संवादाला लागू पडत नाही, असे समर्थक म्हणतात. कारण चांगल्या चर्चेत शिक्षकाचे मार्गदर्शन सतत चालू असते, फक्त ते उत्तराच्या रूपात नसते. परंतु अप्रशिक्षित हातांत ‘मुलांना शोधू द्या’ याचा अर्थ ‘मुलांना वाऱ्यावर सोडा’ असा होतो, हे नाकारता येत नाही.

गटकार्यात एक-दोन मुलेच बोलतात, हा नित्याचा अनुभव आहे. मिश्र गटात साहित्य मुलगे हाताळतात आणि अक्षर चांगले म्हणून वहीत नोंदी करण्याचे काम मुलींकडे जाते. नोंद करणारी व प्रयोग करणारी व्यक्ती दर तासाला बदलणे हा त्यावरील साधा उपाय आहे. पटसंख्या ६०च्या घरात गेलेल्या वर्गात प्रत्येकाचे ऐकणे अशक्यच असते. अशा वेळी शेजारच्याशी दोन मिनिटे बोलून मग वर्गापुढे येणे एवढे तरी साधता येते. विज्ञान प्रदर्शनांची स्थिती वेगळीच आहे. विकत आणलेल्या वा पालकांनी करून दिलेल्या प्रतिकृतीशेजारी पाठ केलेले निवेदन म्हणणारे मूल दुसऱ्याच प्रश्नाला गोंधळते. तेथे कृतीही असते आणि बोलणेही, पण दोन्ही उसनी.

सर्वांत मोठी अडचण परीक्षेची आहे. २००५ चा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा घोकंपट्टीपासून दूर जाण्यास सांगतो आणि २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २९ मध्ये कृती, शोध व अन्वेषण यांद्वारे अध्ययनाचा स्पष्ट उल्लेख आहे. तरीही दहावीच्या विज्ञानाचा मुख्य भार लेखी उत्तरपत्रिकेवरच राहतो, आणि शिक्षक त्यानुसार आपले तास बेततात. होशंगाबादच्या कार्यक्रमाने परीक्षाच बदलली होती : मुले पुस्तक व आपली वही सोबत घेऊन लेखी परीक्षेस बसत आणि प्रयोगांची परीक्षा स्वतंत्रपणे देत. मध्य प्रदेश शासनाने २००२ मध्ये हा कार्यक्रम बंद केला.